परीक्षेआधींचा एक रविवार

आज मला वसंतांतील कौटुंबिक सहलींवर बोलावयास सांगितलें आहे. विषय गोड आहे, आणि गोड विषयावर बोलतांना माणूस फुलापांखरांच्या वर्णनांत सहज वाहून जातो. परंतु मीं चौतीस वर्षें शाळेंत मुलांना शिकविलें आहे. माझ्या बोलण्यांत थोडी तक्रार येणार, थोडा हिशेब येणार आणि वेळापत्रकाची भाषा तर येणारच. ती आपण सोसून घ्यावी.

तक्रार प्रथम सांगतों. आपल्या सह्याद्रीच्या मुलखांत वसंताचे दिवस आणि वार्षिक परीक्षेचे दिवस एकच आहेत. पंचांगांत वसंत ऋतु म्हणजे चैत्र आणि वैशाख. पण झाडें कांहीं पंचांग पाहून फुलत नाहींत. माघ सरतां सरतां पांगारा आणि कांटेसांवर फुलूं लागतात, फाल्गुनांत पळस पेटतो, आणि होळीच्या आगेंमागें डोंगर-उतारांवर या तीन झाडांचें राज्य असतें. गुढी उभी राहते त्या सुमारास पळसाखालचा सडा सुकूं लागलेला असतो. आतां शाळेचें वेळापत्रक पाहा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चांत, खालच्या वर्गांच्या मार्च-एप्रिलांत. सुटी लागून सामानाची बांधाबांध होईपर्यंत मे महिना उजाडतो. तेव्हां आंबे असतात, करवंदें असतात, जांभळेंही येऊं लागतात. त्यांचें सुख कमी आहे असें मी म्हणत नाहीं. पण फुलांचा वसंत येऊन गेलेला असतो. मूल पहिलींत जातें तेव्हांपासून दहावी होईपर्यंत असे दहा वसंत त्याच्या खिडकीबाहेरून निघून जातात, आणि तें आंत बसून 'वसंत ऋतु' या विषयावरील निबंध पाठ करीत असतें.

हा निबंध मीं किती वेळां तपासला असेल याची गणती नाहीं. एका वर्षाची गोष्ट सांगतों. सातवीच्या चाळीसएक वह्या टेबलावर होत्या. पहिली उघडली, तर वसंत ऋतूंत सृष्टीनें हिरवा शालू नेसला होता. दुसरींतही तोच शालू. पुढच्या दोन वह्यांत शीतल वारे वाहत होते आणि झरे खळखळत होते. श्रोते हो, हें वर्णन आपल्याकडील श्रावणाचें आहे. उरलेलें थोडें इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आलेलें, जेथें बर्फ वितळून गवतांत फुलें डोकावतात. आपला वसंत हिरवा नसतो. डोंगर पिवळे-तपकिरी झालेले असतात, झरे आटलेले असतात, पानें गळत असतात, आणि या सुकलेल्या मुलखांत उघड्या बोडक्या फांद्यांवर लालभडक फुलें येतात. हेंच त्याचें आश्चर्य आहे. त्या वेळीं आमच्या शाळेच्या आवारांत एक मोठी कांटेसांवर होती. वर्गाच्या खिडकींतून ती सरळ दिसे. एकही पान नाहीं, अंगभर फुलें, आणि त्यांवर कावळ्या-साळुंक्यांचें भांडण चाललेलें. चाळीस वह्यांत तें झाड कोठेंच नव्हतें. फक्त एका मुलीनें लिहिलें होतें कीं, वसंतांत झाडांचीं पानें जातात, फुलें जड असतात आणि सायकलींच्या छपराच्या पत्र्यावर पडलीं म्हणजे 'थप्प' असा आवाज होतो. ही मुलगी मावळांतील एका खेड्यांतून मामाकडे शिकावयास आलेली होती. तिला मीं किती गुण दिले तें येथें सांगत नाहीं. वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलेली वही तेवढी तिचीच होती.

म्हणून आज माझें मागणें एकच आहे. परीक्षेच्या आधींचा एक रविवार मुलांना द्या. माघाच्या अखेरचा किंवा फाल्गुनांतला, पण एक संपूर्ण रविवार, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

हें ऐकतांच पुष्कळ घरांत कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'परीक्षा तोंडावर आली असतां सहल कसली?' असा प्रश्न आईबाप मला समक्ष विचारीत असत, आणि विचारणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. गुणांवर पुढचें किती अवलंबून आहे तें शिक्षकाला कोणी शिकवावयास नको. परंतु इतक्या वर्षांच्या अनुभवानें सांगतों: आठ तास टेबलाशीं बसलेलें मूल आठ तास वाचीत नसतें. चवथ्या तासाला तें पेन्सिलीला टोंक काढतें, पांचव्याला पाणी पितें, सहाव्याला नुसतें पान उलटतें. एक रविवार बाहेर काढून सोमवारीं वर्गांत आलेलीं मुलें मीं पाहिलीं आहेत. त्यांच्या अभ्यासाचें कांहीं बुडालेलें मला कधीं आढळलें नाहीं. ज्याची दहावीची परीक्षा आठ दिवसांवर आली आहे त्याला ओढून न्या, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. त्याच्यासाठीं माघांतलाच रविवार गांठावा, आणि तोही हुकला तर संध्याकाळीं दोन तास जवळच्या टेकडीवर जाऊं द्यावें. पुण्यांत वेताळ टेकडी आहे, पर्वती आहे. पांगारा-सांवर तर शहराच्या रस्त्यांवरही फुलतात; मान वर करण्याचा काय तो श्रम.

वनांत जाऊन जेवण्याची हौस आपल्याला नवी नाहीं. कार्तिकांत आवळीभोजन होतें, थंडींत शेतावर हुरडा होता, चैत्रांत गांवोगांवच्या जत्रा होत्या. माघ-फाल्गुनांत मुलांना वेगळें बाहेर नेण्याची गरजच पूर्वी पडत नसे, कारण कामच त्यांना बाहेर नेई. पत्रावळींना पळसाचीं पानें लागत. रंगपंचमीच्या रंगासाठीं पळसाचीं फुलें गोळा करून आणावीं लागत. तीं पाण्यांत उकळलीं म्हणजे केशरी-पिवळा रंग उतरे. पत्रावळीच्या जागीं कागदी ताटल्या आल्या, रंग दुकानांतून पुडींत मिळूं लागला, आणि पळसाशीं असलेला शहरांतील मुलांचा शेवटचा व्यवहार संपला. आतां 'पळसाला पानें तीन' ही म्हण मुलांना अर्थासह पाठ असते. तीं तीन पानें मात्र त्यांनीं पाहिलेलीं नसतात.

आतां जावें कोठें? अलीकडे शनिवार-रविवार जोडून थंड हवेच्या ठिकाणीं जाण्याची पद्धत फार वाढली आहे. माझ्या माहितींतील एक कुटुंब असेंच दोन दिवसांसाठीं मोटारीनें घाटमाथ्यावर गेलें. जातांना घाटांत गाड्यांची रांग लागली, येतांना त्याहून मोठी. मध्यें जो वेळ उरला त्यांत पांच प्रेक्षणीय स्थळें उरकलीं. घरीं आल्यावर मीं त्यांच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांस विचारलें, 'काय काय पाहिलेंस?' त्यानें पुढें उभ्या असलेल्या ट्रकांच्या मागें जें जें लिहिलेलें होतें तें सर्व मला न चुकतां म्हणून दाखविलें. मुलगा हुशार आहे. जें पुष्कळ वेळ डोळ्यांपुढें राहिलें तेंच त्यानें पाहिलें. यांतून मीं आपल्यापुरता हिशेब काढला आहे: लहान मुलांना न्यावयाचें तर जाण्यायेण्यापेक्षां राहण्याचा वेळ जास्त हवा, आणि ठिकाण एकच हवें.

पुणेकरांसाठीं मी भाजें सुचवितों. पुणें स्टेशनावरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरावी आणि मळवलीस उतरावें. या मार्गाचाही थोडा इतिहास मुलांना सांगण्यासारखा आहे. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली ती १८५३ सालीं. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला. पण मधला बोरघाट फोडून मार्ग जोडण्यास १८६३ साल उजाडावें लागलें. मधल्या पांच वर्षांत घाटाचा टप्पा उतारूंना आगगाडीवांचूनच ओलांडावा लागे. आजची विजेवरची लोकल १९७८ पासूनची. लोकलीनें जाण्याचा मोठा लाभ असा कीं, ती सगळ्या स्टेशनांवर थांबते. मोठ्यांना जो उशीर वाटतो तो मुलांना उत्सव असतो. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशीं नांवें तीं मोजीत जातात. तळेगांव मागें पडलें कीं घरें विरळ होतात. पुढें इंद्रायणीचें खोरें लागतें, आणि कामशेत येईपर्यंत डाव्या हातास लोहगड आणि विसापूर हे दोन किल्ले शेजारीं शेजारीं दिसूं लागतात. येथें मुलांना खिडकीजवळची जागा द्यावी. आपण ते किल्ले पुष्कळदां पाहिले आहेत.

मळवलीहून भाजें गांव पायीं जाण्याजोगें आहे. मोठी माणसें अर्ध्यापाऊण तासांत पोंचतील. मुलांसह दीड तास धरावा, आणि तो दीड तास हीच खरी सहल समजावी. द्रुतगति महामार्ग ओलांडला कीं त्याची घरघर हळूहळू मागें राहते. वाटेंत जें लाल झाड प्रथम दिसेल तेथें थांबावें. थांबावें म्हणजे खरोखर थांबावें, पिशव्या खालीं ठेवून.

पळस असेल तर एक फूल हातीं घ्यावें. देंठाशीं काळसर मखमली टोपी असते आणि पाकळी पोपटाच्या चोंचीसारखी वळलेली. संस्कृतांत याला किंशुक म्हणतात; 'हा पोपट तर नव्हे?' असा त्या नांवाचा अर्थ लावतात. हें मुलांना आधीं सांगूं नये. फूल हातांत देऊन 'कशासारखें दिसतें?' एवढेंच विचारावें. दहांतलीं पांच-सहा मुलें आपण होऊन चोंच म्हणतात, आणि मग दोन हजार वर्षांपूर्वींच्या माणसालाही हेंच सुचलें होतें हें ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. कांटेसांवर असेल तर खालीं पडलेलें फूल उचलून तळहातावर तोलून पाहूं द्यावें. पांच जाड मांसल पाकळ्या, आंत पुंकेसरांचा झुबका. आणि वजन असें कीं, वरून डोक्यावर पडलें तर कळतें. फुलाच्या पेल्यांत गोड रस असतो. त्यासाठीं साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, चिमुकले सूर्यपक्षी, सगळे तेथें जमतात, आणि रस पितां पितां डोक्याला लागलेले परागकण पुढच्या फुलावर नेऊन पोंचवितात. झाड आपल्याला शोभा दाखवीत नसतें. तें पांखरांना बोलावीत असतें. अंगावर पानें नसल्यामुळें तें बोलावणें लांबवर दिसतें, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पानें टाकून दिल्यानें पाण्याचीही बचत होते. मग एप्रिल-मेमध्यें याच झाडाचीं बोंडें फुटून कापूस वाऱ्यावर जातो. कांहीं झाडें दुरून फुललेलीं वाटतात, पण जवळ जावें तों तीं फुलें नसतात. कुसुंबाची कोंवळी पालवीच लाल असते. पिंपळाचीही नवी पानें तांबूस असतात. मुलें अशा ठिकाणीं फसतात आणि खदखदून हंसतात.

कोकिळेविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आपल्या कवितांतून कोकिळा गाते. वस्तुतः 'कुहू' म्हणणारा तो काळा नर असतो. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तिचा आवाज कर्कश. हें मीं वर्गांत सांगितलें तेव्हां मुलगे विजयानें ओरडले. मग मादी आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत ठेवून पिल्लें वाढविण्याचा त्रास कशी चुकविते तें सांगितलें, तेव्हां मुलींच्या बाजूनें टाळ्या पडल्या. याच दिवसांत तांबट पक्षी दुपारभर 'टुक् टुक्' करीत भांडीं ठोकत असतो. आवाजावरून त्याला शोधून काढणें हा अर्ध्या तासाचा खेळ आहे, कारण तो पानांच्याच रंगाचा असतो.

येथें मोबाईल फोनाबद्दल दोन शब्द. फोन घरीं ठेवा असें मी म्हणणार नाहीं. अडचणींत तो उपयोगी पडतो. पण असें होतें कीं, मूल फुलाकडे पाहत असतें आणि आपण त्याला म्हणतों, 'इकडे बघ, हंस!' त्याचें पाहणें मोडून आपण त्याचें चित्र घेतों. दिवसाच्या अखेरीस सर्वांचें एक छायाचित्र काढावें आणि फोन पिशवींत टाकावा.

भाज्याचीं लेणीं डोंगरांत पश्चिमेकडे तोंड करून आहेत. म्हणून सकाळीं तेथें सावली असते आणि दुपारनंतर ऊन आंत येतें. आपल्याला सकाळचीच वेळ सोयीची. पायथ्याच्या गांवांतून दगडी पायऱ्यांनीं वर जावें. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाहीं. एकंदर लेणीं बावीस. त्यांत मुख्य तें चैत्यगृह, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलें. म्हणजे आज ज्या मुलाचें वय दहा आहे त्याच्या आयुष्याहून दोनशेंपट जुनें. असा हिशेब मुलांकडूनच करवावा. आंत साधे अष्टकोनी खांब आहेत. माझ्या दोन नातवंडांनीं ते दोनदां मोजले. एकाचे पंचवीस आले, दुसरीचे अठ्ठावीस. तिसऱ्यांदा हातानें शिवून मोजले तेव्हां सत्तावीस जमले. मग धाकटी म्हणाली, 'आजोबा, हे खांब पडायला आलेत का?' कारण ते सरळ उभे नाहींत, आंतल्या बाजूस कललेले आहेत.

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि याचें उत्तरही गमतीचें आहे. ज्यांनीं हें लेणें कोरलें त्यांच्या डोळ्यांपुढें लांकडी इमारती होत्या. लांकडाच्या घरांत छपराचा भार बाहेर रेटतो, म्हणून खांब आंत कलते उभे करून त्याला आधार देतात. दगडांत कोरलेल्या खोलीला अशा आधाराची कांहीं गरज नाहीं. खांब काढले तरी डोंगर कोठें जात नाहीं. पण हातांना जी सवय होती ती त्यांनीं दगडांतही उतरविली. वर छताला तर खऱ्या लांकडाच्या कमानी बसविल्या, आणि कांहीं तुळयांवर ब्राह्मी अक्षरेंही कोरलेलीं आढळलीं आहेत. मीं एवढें सांगितलें आणि गप्प राहिलों. दोघें मान वर करून पुष्कळ वेळ पाहत राहिलीं. शेवटीं थोरला म्हणाला, 'म्हणजे त्यांनीं जुनी वही बघून नव्या वहींत उतरवलं.' माझ्यासारख्या मास्तराला याहून जवळचें उत्तर कोण देणार?

शेजारीं थोड्या अंतरावर चौदा दगडी स्तूपांचा एक समूह आहे, पांच आंत आणि नऊ बाहेर. येथें राहून गेलेल्या स्थविरांचीं तीं स्मारकें. तेथें मुलांना धांवूं देऊं नये आणि कशावरही चढूं देऊं नये. भिंतींवर नांवें खरडणाऱ्यांचें काम त्यांना दाखवून, हें कोणीं केलें असेल, असें विचारावें. उपदेश करावा लागत नाहीं. कार्ल्याचें भव्य चैत्यगृह खोऱ्याच्या पलीकडे आहे, आणि तें मोठें खरेंच. पण एका दिवसांत दोन्ही करूं नयेत. चैत्रांत एकवीरेची यात्रा असते तेव्हां तर तेथें अपार गर्दी होते. लोहगडही दुसऱ्या खेपेला ठेवावा. मुलांना परत येण्यास कांहीं शिल्लक राहिलेलें बरें.

आतां ज्या विषयावर सहलीचे व्याख्याते बहुधा बोलत नाहींत त्याकडे वळतों. आपल्या घरांतील सहल ही बहुतेक वेळां घरांतील स्त्रीच्या डोक्यावरून जाते. ती पहांटे चारला उठते, पुऱ्या तळते, बटाट्याची भाजी करते, सहा डबे भरते. ठिकाणीं पोंचल्यावर वाढते, मुलांचे हात धुते, उरलेलें आवरते, आणि परत आल्यावर तींच भांडीं घांसते. नवरा म्हणतो, 'छान झाली सहल.' सहल झाली त्याची. एका बाईंनीं मला सांगितलें होतें, 'मास्तर, आम्ही जेथें जेथें गेलों तेथलें मला एकच आठवतें, सतरंजी कोठें घातली होती तें.' हें वाक्य मीं विसरूं शकलेलों नाहीं.

यास उपाय कठीण नाहींत, फक्त आदल्या दिवशीं करावे लागतात. दशम्या शनिवारींच कराव्या. दुधांत मळलेल्या असल्यानें त्या दुसऱ्या दिवशींही मऊ राहतात. लाटण्यास नवऱ्यानें बसावें, भाजण्यास मोठ्या मुलानें. बरोबर गूळ, शेंगदाण्याची चटणी, कांदा, काकडी, केळीं. कैऱ्या बाजारांत आल्या असल्या तर उकडून पन्ह्याचा गर तयार ठेवावा आणि तेथें पाण्यांत कालवावा. वाढणें नाहीं, प्रत्येकाच्या पिशवींत त्याचा डबा, आणि घरीं आल्यावर ज्याचा डबा त्यानेंच धुवावा, मग तो बारा वर्षांचा असो कीं पन्नास. ज्यांना एवढेंही जमत नसेल त्यांना भाजें गांवांत आगाऊ सांगितल्यास एखाद्या घरीं पिठलें-भाकरी मिळूं शकते. चार पैसे गांवांत राहतात आणि आईला लेणें पाहतां येतें. आजी-आजोबांना पायऱ्या झेपत नसतील तर त्यांना ओढूं नये आणि घरींही ठेवूं नये. पायथ्याला आंब्याच्या सावलींत त्यांना बसवावें. दुपारीं सर्वांत थकलेलें नातवंड त्यांच्याच मांडीवर येऊन निजतें.

धोक्यांविषयीं थोडक्यांत, पण लक्षपूर्वक ऐकावें. या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलें असतें; एका ठिणगीनें डोंगर पेटतो. तेव्हां चूल नको आणि विडी-सिगारेट तर नकोच. कड्यांना आणि लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळें असतात. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणें, यांपैकीं कशानेंही माशा उठतात, आणि उठल्या तर जिवावर बेततें. मोहोळ दिसलें कीं मुलांना तें दुरून दाखवावें आणि हळू आवाजांत बाजूस न्यावें. माकडांसमोर खाद्य हातांत धरूं नये. पाणी माणशीं दोन लिटरांहून कमी नको, कारण पावसाळ्यांत ज्या धबधब्याखालीं लोक गर्दी करतात तो आतां कोरडा खडक असतो. अकरा वाजल्यानंतर उन्हांत चढावर नेऊं नये. लेण्याच्या गारव्यांत किंवा झाडाखालीं तीन-चार तास कांहीं न करतां काढावे. हे कांहीं न करण्याचे तास मुलें फार चांगले वापरतात: मुंग्यांची रांग, वाळलेल्या शेंगेचा खुळखुळा, खडे. त्यांना काय खेळावें तें सुचवूं नये.

मुंबईच्या श्रोत्यांनीं रागावूं नये. त्यांना बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान घराशींच आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या आंत अरण्य, आणि त्या अरण्यांत कान्हेरीचीं शंभराहून अधिक लेणीं. नाशिककरांना पांडवलेणीं आहेत. ज्यांना दोन दिवस राहावयाचेंच असेल त्यांनीं माथेरान पाहावें. तेथें मोटारींना बंदी असल्यानें मुलांचा हात सोडतां येतो. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ पासूनची आहे. ती चालू असेल तर तिनें जावें. विदर्भांतल्या श्रोत्यांना पळस कोठें शोधावा हें मीं सांगण्याची गरज नाहीं. तिकडे तो मैलोगणती फुलतो. तिकडचें ऊन मात्र लवकर तापतें, तेव्हां त्यांनीं सूर्योदयालाच बाहेर पडावें आणि दहाला सावलींत यावें.

परत येतांना मुलांच्या पिशव्या तपासूं नयेत. त्यांत सांवरीचें एखादें फूल असेल, पीस असेल, खडे नक्की असतील. पळसाचीं खालीं पडलेलीं फुलें मात्र मूठमूठभर जरूर आणावीं. तीं घरीं सावलींत वाळवून ठेवावीं आणि रंगपंचमीच्या आदल्या रात्रीं उकळावीं. रंग फिका येतो, दुकानच्या रंगासारखा झगमगीत नाहीं. पण माझ्या नातवंडांनीं गेल्या वर्षीं तो शेजारच्या सहा मुलांना वांटला, आणि कोठून आणला हें तीं संध्याकाळपर्यंत सांगत होतीं. त्या सहांपैकीं चौघें यंदा आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांच्या घरीं अजून परवानगी मिळालेली नाहीं. त्यांच्या आईवडिलांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असतील तर त्यांनीं कृपा करून शनिवारपर्यंत निरोप द्यावा. दशम्यांचें पीठ किती घ्यावयाचें तें ठरवावयाचें आहे.